मालकाचा अभिप्राय : किती खरा आणि कशाबद्दल खरा?

कमरेइतके किंवा त्याहून उंच, जमिनीवर उभे राहणारे स्पीकर ही घरात येणाऱ्या महागड्या वस्तूंपैकी एक वस्तू आहे. ती घेण्यापूर्वी आपण काय करतो? ज्यांनी ती आधीच घेतली आहे त्यांना विचारतो किंवा त्यांनी लिहिलेले वाचतो. ‘वापरणाऱ्यालाच खरे कळते’ हा त्यामागचा विचार. हा विचार शाळेतही येतो. प्रयोगशाळेसाठी सूक्ष्मदर्शक घ्यायचा झाला, तरी आपण शेजारच्या शाळेला विचारतोच. म्हणून स्पीकर-मालकांच्या अभिप्रायांकडे एक पुरावा म्हणून पाहू आणि हा पुरावा कशाचा आहे ते तपासू.

या अभिप्रायांची एक ठरलेली भाषा आहे. आवाज ‘उबदार’ असतो, ‘मोकळा’ असतो, ‘गायक समोर बसल्यासारखा’ असतो. खर्ज एकाला ‘भरदार’ वाटतो, तर त्याच स्पीकरच्या दुसऱ्या मालकाला ‘पोकळ’ आणि तिसऱ्याला ‘घुमणारा’. अशी तीन परस्परविरोधी मते वाचली की आपण म्हणतो, ‘शेवटी आवड ज्याची त्याची!’ आमच्या मते येथेच आपण घाई करतो. बऱ्याचदा हा फरक आवडीचा नसून भौतिकशास्त्राचा असतो.

उंच स्पीकरच्या पेटीत खालच्या स्वरांसाठी एक किंवा अधिक मोठे शंकू (वूफर), वरच्या स्वरांसाठी लहान घुमट (ट्वीटर) आणि विद्युत संकेत त्यांच्यात वाटून देणारे मंडल असते. पेटी मोठी असल्याने तो साधारणपणे अधिक खालच्या स्वरांपर्यंत पोहोचतो. हाच त्याचा मुख्य फायदा. पण ४० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरल्यास, सुमारे ८.६ मीटर येते. आता १४ फुटी, म्हणजे सुमारे ४.३ मीटर लांबीचा दिवाणखाना घ्या. त्यात ही लांबी बरोबर अर्धी तरंगलांबी होते आणि समोरासमोरच्या भिंतींमध्ये स्थिर तरंग तयार होतो. त्याचा दाब भिंतींपाशी सर्वाधिक आणि खोलीच्या मध्याशी सर्वांत कमी असतो. भिंतीला टेकून कोचावर बसणाऱ्याला खर्ज घुमतो. खोलीच्या मध्यभागी खुर्ची टाकणाऱ्याला तो पोकळ वाटतो. दोघेही खरे बोलत आहेत. मात्र ते स्पीकरबद्दल बोलत नसून स्पीकर, खोली आणि खुर्ची या तिघांच्या जोडणीबद्दल बोलत आहेत. अभिप्रायात स्पीकरचे नाव असते, पण खोलीची लांबी नसते. प्रयोगवहीत तापमान न लिहिता द्रावणीयता लिहावी, तसेच हे झाले.

दुसरा प्रश्न डोळ्यांचा. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत आणि पुढे हरमन या कंपनीत काम केलेले फ्लॉइड टूल यांनी, सहकारी शॉन ऑलिव्ह यांच्यासह १९९४ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध केली. ४० श्रोत्यांनी चार स्पीकर ऐकून गुण दिले, एकदा पडद्याआडून आणि एकदा स्पीकर दिसत असताना. दिसू लागताच मोठ्या, देखण्या स्पीकरांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त संचाचे घसरले. अधिक बोलके निरीक्षण पुढचे आहे. स्पीकरची जागा बदलली की आवाज खरोखरच बदलत होता. पडद्याआडून ऐकताना श्रोत्यांना हा बदल कळत होता. डोळ्यांसमोर स्पीकर असताना त्यांनी त्याकडे जवळजवळ दुर्लक्ष केले. हे श्रोते कंपनीचेच कर्मचारी होते, म्हणून निष्कर्ष थोडा सावधपणे घ्यावा. तरीही आवाजाच्या व्यवसायातल्या माणसांचे असे होते, तर घरी बसलेल्या मालकाचे काय? त्याचा प्रत्येक अभिप्राय ‘दिसत असतानाचा’ असतो. उंच, चकचकीत, जड पेटी त्याच्यासमोर रोज उभी असते आणि तिची किंमतही त्याला ठाऊक असते.

तिसरा प्रश्न मालकीचा. १९५६ मध्ये जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थिनींना घरगुती वापराच्या आठ वस्तूंना गुण द्यायला सांगितले. मग त्यांतील दोन वस्तूंपैकी एक निवडून ती भेट म्हणून घेऊ दिली आणि पुन्हा गुण मागितले. निवडलेली वस्तू आता अधिक चांगली वाटू लागली होती, नाकारलेली कमी. या प्रयोगाच्या गणिती मांडणीवर २०१० मध्ये गंभीर आक्षेप घेतले गेले, त्यामुळे परिणामाच्या आकाराबद्दल आग्रह धरू नये. पण दिशा ओळखीची आहे. ज्याने दोन-तीन महिन्यांचा पगार घातला, त्याने ‘चुकलो’ असे लिहिणे सोपे नसते.

‘महिनाभर वाजवल्यावर आवाज मोकळा झाला’ हे वाक्य या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. नव्या शंकूची लवचीक कडा वापराने थोडी सैल होते हे खरे. पण त्याच महिन्यात ऐकणाऱ्याचा कान सरावतो, खुर्ची सरकते, सतरंजी अंथरली जाते. शिवाय तुलना होते ती महिन्यापूर्वीच्या आठवणीशी, आणि आवाजातल्या बारीक फरकांची आठवण फार थोडा वेळ टिकते. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या आणि श्रेय एकीलाच दिले, तर विद्यार्थ्याच्या वहीवर आपण लाल शेरा मारू.

म्हणून मालकांची मते टाकाऊ आहेत काय? मुळीच नाही. ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६८ श्रोते होते. त्यांतले बहुतेक अप्रशिक्षित, फक्त १२ जण प्रशिक्षित होते. पडद्याआडून ऐकताना दोन्ही गटांनी स्पीकरांचा साधारण सारखाच क्रम लावला. प्रशिक्षितांनी फरक अधिक ठळकपणे आणि सातत्याने दाखवला, इतकेच. म्हणजे सामान्य माणसाचा कान वाईट नाही. ज्या परिस्थितीत त्याला साक्ष द्यावी लागते ती वाईट आहे. पुढे २००४ मध्ये त्यांनी ७० स्पीकरांच्या मोजमापांवरून श्रोत्यांच्या पसंतीचे भाकीत केले. भाकीत आणि प्रत्यक्ष पसंती यांचा सहसंबंध ०.८६ निघाला. हा आकडा दाखवून ‘आता ऐकायची गरजच नाही’ म्हणणारेही आहेत. तेही तितकेच घाईत आहेत. ही मोजमापे स्पीकरची आहेत, तुमच्या दिवाणखान्याची नव्हेत.

काही बाबतींत तर मालकाइतका चांगला साक्षीदार दुसरा नाही. शंकूभोवतीची फोमची कडी दमट हवेत किती वर्षांत झडली, दुरुस्तीसाठी सुटा भाग मिळाला का, उंच पेटी लहान मुलाच्या धक्क्याने डळमळते का, तळाच्या टोकदार खिळ्यांनी फरशीवर ओरखडे पडतात का, हे कोणतीही पडद्याआडची चाचणी सांगणार नाही. या गोष्टी काळाने कळतात आणि तो काळ फक्त मालकाकडे असतो. गंमत अशी, की अभिप्रायांत या गोष्टी शेवटच्या एका ओळीत असतात आणि ‘उबदारपणा’ला तीन परिच्छेद मिळतात. आमची तक्रार आहे ती या वाटणीबद्दल.

हा विषय वर्गात करून पाहण्याजोगा आहे. कोणतेही दोन स्पीकर पातळ मलमलीच्या पडद्याआड शक्य तितके जवळजवळ ठेवा. वर्गाच्या मध्यावर मोबाइलमधील ध्वनिमापकाने दोघांचा आवाज सारखा करून घ्या. ही पायरी गाळू नका, कारण किंचित मोठा आवाज कानाला ‘चांगला’ वाटतो आणि मग निकाल मोठेपणाचा लागतो, दर्जाचा नव्हे. तेच गाणे आलटून पालटून वाजवा. मध्येच न सांगता एकच स्पीकर दोनदा वाजवा. विद्यार्थ्यांनी एकमेकांशी न बोलता दहापैकी गुण द्यावेत. मग पडदा काढून पुन्हा गुण घ्या आणि दोन्ही सरासऱ्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. एकच स्पीकर दोनदा वाजला तेव्हा गुणांत किती फरक पडला, तेही लिहा. दोन स्पीकरांमधला फरक त्याहून मोठा नसेल, तर ‘हा चांगला’ म्हणायला आधार नाही.

‘कोण सांगतो?’ हा प्रश्न आपण साक्षीदाराला नेहमी विचारतो. त्यापुढचा ‘कोणत्या परिस्थितीत आणि कशाशी तुलना करून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली, तर ती औषधाच्या जाहिरातीपासून बियाण्याच्या शिफारशीपर्यंत सगळीकडे उपयोगी पडेल. स्पीकर कोणता घ्यावा, हे त्या मानाने किरकोळ आहे.