स्पर्शपटलावरील खेळ : चिन्हव्यवस्थेच्या दृष्टीने एक परीक्षण

स्मार्टफोनवरील व्हिडिओ गेमविषयी जे लिहिले जाते, त्यात चित्रांचा, कथेचा व वेगाचा विचार पुष्कळ असतो. खेळाडू आपला हेतू खेळाला कोणत्या चिन्हांनी कळवितो, याचा विचार क्वचितच आढळतो. वस्तुतः नियंत्रणाची साधने ही एक चिन्हव्यवस्थाच होय. 'काल' आणि 'गाल' हे शब्द वेगळे ठरतात, कारण क् व ग् यांतील भेद कानाला निःसंशय जाणवतो. बोटांच्या भाषेलाही असाच जाणवणारा भेद लागतो.

जुन्या नियंत्रकाची रचना या बाबतीत विलक्षण काटेकोर होती. गुनपेई योकोई यांनी १९८२ मध्ये निन्टेन्डोच्या 'डॉन्की काँग' या हातात धरावयाच्या खेळयंत्रासाठी अधिकचिन्हाच्या आकाराचे दिशा-बटण योजिले. त्यावर अंगठा टेकला की चारही दिशा न पाहता कळतात. 'सुपर मारिओ ब्रदर्स' (१९८५) खेळणारे अंगठ्याच्या टोकाने धावण्याचे बटण दाबून धरीत आणि तोच अंगठा शेजारच्या उडीच्या बटणावर कलंडवीत. दोन बटणांच्या कडा हाताला लागत, म्हणूनच हे साधत असे. इन्स्क्रिप्ट पद्धतीने मराठी टंकलेखन करणाऱ्याला ऱ्हस्व इकाराच्या व 'र'च्या कळीवरील बारीक उंचवटा हेच साह्य करतो.

काचेवर हा आधार नाहीसा होतो. आजचे स्पर्शपटल दाब ओळखत नाही. बोट टेकल्याने विद्युत्क्षेत्रात होणारा बदल ओळखते. बटणाच्या बाबतीत बोट दूर असणे, नुसते टेकलेले असणे आणि दाबलेले असणे अशा तीन अवस्था संभवतात; काचेवर त्यांतील मधली उरत नाही. बोलणाऱ्याने ओठ नुसते मिटले तरी 'प' उच्चारला असे धरून चालावे, तशातला हा प्रकार आहे. म्हणून बोट अधांतरी ठेवावे लागते. अधांतरी बोट सरकते, आणि ते सरकल्याचे सांगणारी कड तेथे नसते. मग डोळ्यांनी पाहणे आले. पण डोळे खेळात गुंतलेले असतात, शिवाय ज्या चित्राकडे पाहावयाचे त्याचाच काही भाग अंगठ्याखाली झाकलेला असतो. ॲपलने २०१५ च्या आयफोन ६एसमध्ये दाब मोजणारे पटल आणले व २०१९ च्या आयफोन ११ मालिकेत ते सोडून दिले. ते टिकले असते तरी कडेचा प्रश्न सुटला नसता. कंपनाची सूचनाही स्पर्श झाल्यानंतरच मिळते.

'अँग्री बर्ड्स' (२००९) मध्ये गलोल ताणण्याची क्रिया हेच चिन्ह असल्याने ही उणीव भासत नाही. अधिक उद्बोधक उदाहरण 'सुपर मारिओ रन' (२०१६) हे होय. येथे मारिओ आपणहून धावतो व लहान अडथळे आपणच ओलांडतो. स्पर्शाचा मुख्य अर्थ एकच, उडी, आणि स्पर्श लांबला तर उडी उंचावते. इच्छेनुसार थबकण्याचे, मागे सरून अंतर अजमावण्याचे स्वातंत्र्य मात्र गेले. विरामदेखील रचनाकाराने ठोकळे मांडून ठेविले असतील तेथेच मिळतो. तरीही हे रूपांतर प्रामाणिक म्हटले पाहिजे. काचेला जी चिन्हे पेलत नाहीत, ती त्याने सरळ टाकून दिली आहेत.

२०१३ मध्ये फोनवर आलेला 'ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास' शब्दशः भाषांतराच्या वळणाचा आहे. नियंत्रकावरील बटणे तेथे काचेवर चित्ररूपाने अवतरतात. चिन्हाचे रूप उरते, भेदकता उरत नाही. महाराष्ट्रातील अनेक तरुणांना असे खेळ प्रथम भेटतात ते फोनवरच. 'गाडी नीट वळत नाही' हा त्यांचा अभिप्राय मूळ कृतीच्या माथी मारला जातो, आणि परीक्षणे लिहिणारेही आपण कोणते रूप पाहिले हे सांगण्याची तसदी घेत नाहीत.

'पब्जी मोबाइल' (२०१८) आणि भारतात २०२१ मध्ये आलेला 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' यांत खेळाडूंनीच या व्यवस्थेची डागडुजी केली आहे. चालणे, नेम धरणे व गोळी झाडणे दोन अंगठ्यांना एकाच वेळी जमत नाही. म्हणून तर्जन्याही वाकवून पटलावर आणल्या जातात. कित्येकजण नेमासाठी फोनच तिरपा करतात, तेव्हा आतील जायरोस्कोप बोटाचे काम करतो. निर्मात्यांनी नेम जुळविण्याचे यांत्रिक साह्यही दिले आहे. 'पब्जी मोबाइल'मध्ये तर संगणकावरील एम्युलेटरवर कळफलक व माऊस घेऊन खेळणाऱ्यांचे सामने स्पर्शाने खेळणाऱ्यांपासून वेगळे ठेविले गेले.