मसाईंच्या शाळेतील मिशनरी

फादर व्हिन्सेंट डोनोव्हन यांचे ‘ख्रिश्चॅनिटी रीडिस्कव्हर्ड’ हे पुस्तक १९७८ साली प्रसिद्ध झाले. टांझानियात कार्य करणाऱ्या या अमेरिकन धर्मगुरूंनी १९६६ साली आपल्या बिशपांना पत्र लिहून एक परवानगी मागितली होती. शाळा-इस्पितळांचा आधार बाजूस ठेवून मसाई गुराख्यांशी केवळ परमेश्वराविषयी बोलावे, एवढीच त्यांची इच्छा होती.

ग्रंथाचा गाभा एका प्रसंगात आहे. वर्षभराच्या शिकवणुकीनंतर स्नानसंस्कारास पात्र कोण, अपात्र कोण, याची फादर निवड करू लागतात. न्दांगोया हा वृद्ध प्रमुख त्यांना अडवतो. मागे पडलेल्यांना आम्हीच सांभाळून आणले, मग आता आमची फाटाफूट का करता, असा त्याचा रोकडा सवाल असतो. फादर नमतात, साऱ्यांनाच स्नानसंस्कार मिळतो. परक्याने नेता घडविण्यापूर्वी तो ओळखावा लागतो, हे येथे उमगते.

मात्र मसाईंचा आवाज आपल्याला फादरांच्याच लेखणीतून ऐकू येतो, ही या ग्रंथाची मर्यादा. शिवाय सावकाश, दीर्घ प्रशिक्षणाचे मोल त्यात कमी लेखले गेले आहे, असे मला वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली धर्मशिक्षकांच्या उत्तम तयारीवर भर दिला, तो उगाच नव्हे.

तरीही सेमिनरीत वर्षे घालविलेल्या माझ्यासारख्याला हे पुस्तक अस्वस्थ करते. धर्मग्रामाची समिती निवडताना आपण शिक्षण पाहतो, वक्तृत्व पाहतो. मागे राहिलेल्याचा हात कोणी धरला आहे, हे कधी पाहतो का?