कीट्सचा ऋतू आणि आमचा आंबिया

पांढुर्ण्यास आम्ही शाळेत जॉन कीट्सची ‘टू ऑटम’ ही कविता वाचली, तेव्हा घरी मराठी होती, वर्गात हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी. कुंजीने ‘ऑटम’ म्हणजे ‘पतझड’ असे सांगितले. आम्ही त्याची पानगळ केली आणि तिन्ही कडव्यांत शोक शोधीत बसलो.

वस्तुतः सप्टेंबर १८१९ मध्ये लिहिलेल्या या कवितेचे पहिले कडवे फळांच्या भाराने वाकलेल्या झाडांचे आहे. आश्विन-कार्तिकात सौसरच्या संत्राबागांत आंबिया बहाराची फळे रंग धरतात, फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागतात, तोच हा ऋतू. शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर एका बागेत उभे असता हे आम्हांस उमगले. दुसऱ्या कडव्यात सुगी येते. तिसऱ्यात सायंकाळचे आवाज तेवढे उरतात. तोडणी आटोपून गाड्या निघून गेल्यावर बाग सुनी होते, तशी ती उदासी.

म्हणजे कुंजी सर्वस्वी चुकली नव्हती. तिने शेवट आरंभीच सांगितला. भरलेपण पाहिल्यावाचून रितेपण कळत नाही. शब्दार्थ सांगण्यापूर्वी मुलांना एकदा बागेत न्यावे, एवढेच आमचे म्हणणे.