सह्याद्रीतील पीक-अवशेष आणि ‘शिल्लक’ ही संज्ञा

पिकांच्या अवशेषांपासून किती ऊर्जा मिळू शकेल, याचे अंदाज आता दुर्मिळ राहिलेले नाहीत. हिलोईधारी, दास व बरुआ यांचा २०१४ सालचा निबंध त्यांपैकी बराच उद्धृत होणारा. भारतात वर्षाकाठी ६८.६ कोटी टन अवशेष निर्माण होतात व त्यांपैकी २३.४ कोटी टन, म्हणजे सुमारे ३४ टक्के, शिल्लक राहतात, असा त्यांचा निष्कर्ष आहे. राष्ट्रीय पातळीवरील ढोबळ मापन म्हणून या परिश्रमाचे मोल कमी नाही. आक्षेप आहे तो ही रीत डोंगराळ मुलखास जशीच्या तशी लावण्याला.

या रीतीत धान्याच्या उत्पादनास एका ठरीव गुणोत्तराने गुणून अवशेषांचे वजन काढतात. परंतु उंच वाढणाऱ्या गावठी भातात एकूण वजनाच्या सुमारे ३० टक्केच दाणा भरतो. बुटक्या वाणांत तो ५० टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे एका टन भातामागे पहिल्या प्रकारात सव्वादोन टनांहून अधिक पेंढा, तर दुसऱ्यात जेमतेम एक टन. मावळात उंच आंबेमोहोर आणि त्याच्याच संकरातून निघालेली इंद्रायणी या दोहोंना एकच गुणक लावणे शास्त्रीय म्हणता येणार नाही.

तथापि ही चूक आकड्यांची आहे व ती दुरुस्त होण्याजोगी आहे. ‘शिल्लक’ या शब्दाचे तसे नाही. घाटमाथ्यावर होळीनंतर डोंगरावरील गवत वाळून जाते. तेव्हापासून पहिल्या पावसापर्यंत गुरे जगतात ती उडवीतल्या पेंढ्यावर. जे जाळले जाते तेही वाया जाते असे नाही. राबासाठी टहाळ, शेण, पालापाचोळा व गवत यांचे थर रोपवाटिकेच्या जमिनीवर रचून उन्हाळ्यात भाजतात. त्या आचेने तणाचे बी मरते, माती मोकळी होते व राखेतील पोटॅश रोपांना मिळते. हॅरॉल्ड मान, जोशी व कानिटकर यांनी १९१२ साली राबाचा रासायनिक अभ्यास प्रसिद्ध केला होता. राबाने वनस्पतीचे व सेंद्रिय द्रव्याचे नुकसान होते, हे मान्यच आहे. पण ऊर्जेच्या कोष्टकात त्याची नोंद निव्वळ अपव्यय म्हणून व्हावी, हे कोष्टककर्त्याचे अज्ञान होय.

राहता राहिला वाहतुकीचा प्रश्न. सुटा पेंढा घनमीटरास १०० किलोसुद्धा भरत नाही आणि उतारावरील खाचरांतून तो डोक्यावरूनच उतरवावा लागतो. हा भार बहुधा स्त्रियांच्या डोक्यावर असतो. त्याचा हिशेब कोणत्याही गुणकात येत नाही.

मग ऊर्जेसाठी हाती काय उरते? भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा असलेले तूस. ते गिरणीत आयतेच एकत्र येते आणि गुरे ते खात नाहीत. पण येथेही एक मेख आहे. खेड्यांतील जुन्या हलरमधून तूस वेगळे निघत नाही. कोंड्यात भरडले जाऊन निघते, आणि ते मिश्रण पुन्हा गुराकोंबड्यांच्या खाण्यातच जाते.