परग्रहाचा पाहुणा आणि दिव्याची खाजणे

अलीकडच्या दिवाळी अंकांतील विज्ञानकथा ओळीने वाचल्या म्हणजे मनास जी अस्वस्थता येते, तिचे कारण यंत्रांच्या कल्पनेतील दारिद्र्य हे नसून समाजाच्या कल्पनेतील दारिद्र्य हे आहे. परग्रहावरील संस्कृती आपल्याहून सहस्रावधी वर्षे पुढारलेली, निर्वैर आणि उपदेशतत्पर अशी रंगविली जाते. परंतु तेथे जमीन कोणाची, श्रम कोणाचे आणि हुकूम कोणाचा चालतो, याची वाच्यता एका वाक्यानेही होत नाही. तिला सामोरा जाणारा मानवसमाज म्हणजे संशोधनसंस्थेतील चार प्राध्यापक आणि एक चिंताक्रांत मंत्री, एवढाच.

भयकथेला अंतराळाचा वेष चढविणाऱ्यांविषयी, किंवा संवादांत पाठ्यपुस्तक भरणाऱ्यांविषयी, येथे अधिक लिहिण्याचे प्रयोजन नाही. जयंत नारळीकरांचे मात्र तसे नव्हे. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने पाठविलेल्या 'कृष्णविवर'पासून त्यांनी या प्रकारास जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती निर्विवाद आहे. तथापि समाजदर्शनाच्या दृष्टीने त्यांची श्रेष्ठ कथा मला 'धूमकेतू' वाटते, आणि तीत परग्रहवासी कोणी नाहीच. पृथ्वीवरील अरिष्ट विज्ञान टाळते आणि धूमकेतू शोधणाऱ्याच्याच घरी त्याचे श्रेय शांतियज्ञास दिले जाते, या एका प्रसंगात आपला समाज जितका उघडा पडतो, तितका तो परग्रहवासीयावरच्या त्यांच्या 'प्रेषित' कादंबरीच्या साऱ्या विस्तारातही पडत नाही.

एच. जी. वेल्सने 1898 च्या आपल्या कादंबरीत मंगळवासी इंग्लंडवर घातले, ते टास्मानियातील मूळ रहिवाशांचा इंग्रजांनी केलेला संहार आरंभीच स्मरून. आपल्या राष्ट्राचे पाप त्याला ठाऊक होते, म्हणून त्याचा परका जिवंत झाला. आमच्या लेखकांपाशी असे द्रव्य नाही काय? 16 एप्रिल 1853 रोजी ठाण्यापर्यंत आलेली आगगाडी 1 मे 1854 रोजी कल्याणास पोचली, तेव्हा आज जेथे दिवा जंक्शन आहे त्या खाडीकाठच्या आगरी-कोळी मुलखाने एक परकी, बलाढ्य आणि अगम्य संस्कृती प्रत्यक्ष पाहिली: साखळीने जमीन मोजणारे अनोळखी लोक, न वाचता येणारा दस्तऐवज, आणि धूर ओकीत खाजणांतून धावणारे लोखंडी वाहन. परग्रहवासीयांशी प्रथम भेट म्हणून जे जे लिहिले जाते, त्याचे अस्सल बीज याच मातीत पडलेले असता आमचा लेखक ते हॉलिवूडच्या चित्रपटांतून उसने आणतो, हे मला असह्य वाटते.

आणि परक्याचा प्रश्न तेथे संपलेलाही नाही. ठाण्याचा कचरा वर्षानुवर्षे दिव्यात पडत होता. कोकणातून सावंतवाडीच्या गाडीने आलेला माणूस तेथे बिऱ्हाड थाटतो आणि मूळ गावकऱ्यास उपरा ठरतो. 2 जानेवारी 2015 रोजी गाड्यांच्या खोळंब्याने संतापलेल्या प्रवाशांनी येथेच रूळ अडविले. अंतराळयान या वस्तीत उतरले तर त्याच्या दाराशी प्रथम कोण उभा राहील, पंचनामा कोण करील, त्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नाव कोणाचे निघेल आणि मोबदला कोणाच्या हाती पडेल, हे ज्याला सांगता येत नाही त्याला परग्रहावरील राज्यव्यवस्थेचे वर्णन करण्याचा अधिकार पोचत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

दिवाळी अंकांच्या संपादकांस माझी विनंती एवढीच, की यान कोणाच्या शेतात उतरले हे ज्या कथेत सांगितलेले नसेल, ती त्यांनी साभार परत करावी.