टॅरोतील प्रेमप्रश्न : तृतीय पुरुषाचे स्थान

टॅरोच्या पत्त्यांना स्वतःची भाषा आहे, असे विधान या विषयावरील लेखनात वारंवार आढळते. ते सर्वस्वी निराधार नाही. परंतु भाषा म्हटली की व्याकरणाची जबाबदारीही आली, आणि प्रेमविषयक मांडणीचा अर्थ लावताना नेमकी तीच टाळली जाते. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळासाठी निर्माण झाले व त्यांवरून भविष्य सांगण्याची प्रथा अठराव्या शतकात रूढ झाली, हा इतिहास मायकेल डमेट यांच्या १९८० सालच्या ग्रंथामुळे परिचित आहे. त्याची पुनरुक्ती नको.

तीन पत्त्यांची प्रचलित मांडणी घेऊ. पहिले स्थान पृच्छकाचे, दुसरे प्रिय व्यक्तीचे, तिसरे उभयतांच्या संबंधाचे. शब्दाला जे विभक्तीने प्राप्त होते ते पत्त्याला स्थानाने प्राप्त होते. येथपर्यंत भाषेशी साम्य टिकते. समजा, एखाद्या स्त्रीच्या प्रश्नाला दुसऱ्या स्थानी ‘हर्मिट’ आला, म्हणजे हाती कंदील घेतलेला एकांतवासी वृद्ध. आर्थर एडवर्ड वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ यांच्याकडून चित्रित करवून घेतलेला संच १९०९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. त्यावरील आपल्या ग्रंथात वेट या पत्त्याचे अर्थ विवेक व सावधपणा असे देतात, आणि लगेच विश्वासघात व कपट असेही देतात. किंबहुना त्यांचा भर या दुसऱ्या अर्थांवरच आहे.

अनेकार्थता हा दोष नव्हे. शब्दही अनेकार्थी असतात. पण संभाषणात संदेह उत्पन्न झाल्यास बोलणाऱ्यालाच त्याचा आशय विचारता येतो. येथे ज्याच्याविषयी विधान होते तो बोललेलाच नाही. एमिल बेन्वेनिस्त यांनी १९४६ साली तृतीय पुरुषाला इतर दोन पुरुषांहून वेगळे काढले ते याच कारणाने : तो संवादात सहभागी नसतो, केवळ विषय असतो. त्याला विवेकी म्हणावे की विश्वासघातकी, हे पत्ते वाचणारा ठरवितो, आणि पुष्कळदा पृच्छकाच्या मुद्रेकडे पाहून ठरवितो. ठरलेले लग्न मोडण्यास एवढे पुरते.

मराठीत ही अडचण सर्वनामातच उघडी पडते. तिसऱ्या स्थानाविषयी पृच्छक ‘आमचे पुढे काय होईल?’ असे विचारते, ‘आपले’ असे नव्हे. कारण ‘आपण’ श्रोत्याला सामावून घेते, ‘आम्ही’ वगळते. समोरचा भविष्यवादी वगळला गेला हे योग्यच. परंतु ज्याला या ‘आम्ही’त घेतले त्याला त्याची वार्ताही नाही. इंग्रजीच्या ‘वुई’मध्ये हा भेद दिसत नाही.

‘लव्हर्स’ या पत्त्याचे रूपांतरही लक्षणीय आहे. जुन्या मार्सेय संचात एक तरुण दोन स्त्रियांच्या मध्ये उभा असून वर मदन बाण रोखून आहे. वेट–स्मिथ संचात देवदूताखाली एक पुरुष व एकच स्त्री उरली. निवडीचे चित्र मीलनाचे झाले. तरीही पुरुष स्त्रीकडे पाहतो आणि स्त्री देवदूताकडे. मीलनाचा अर्थ सांगणारे हा तपशील सहसा गाळतात. चित्रकर्तीने तो गाळलेला नाही.

दुसऱ्या स्थानाचे नाव बदलावे, एवढी दुरुस्ती मला आवश्यक वाटते : ‘प्रिय व्यक्ती’ऐवजी ‘पृच्छकाच्या मनातील प्रिय व्यक्ती’. मग हर्मिट त्या गृहस्थाविषयी काहीच सांगत नाही. त्याच्या अबोलपणाला ती विवेक समजते की कपट, एवढेच तो तिला विचारतो. आणि उत्तर देण्यास ती तेथे उपस्थित असते.