'झिंगाट' : चाल एक, भाषा दोन

नागराज मंजुळे दिग्दर्शित 'सैराट' (२०१६) मधील 'झिंगाट' हे गीत 'धडक' (२०१८) या हिंदी पुनर्निर्मितीत पुन्हा आले. संगीत व स्वर अजय-अतुल यांचेच, चालही तीच. हिंदी शब्द मात्र अमिताभ भट्टाचार्य यांचे. त्यामुळे भाषा बदलल्याने काय हरवते, हे येथे स्पष्टपणे तपासता येते. मूळ गीतातील ग्रामीण बोलीतून करमाळा परिसरातील तरुणाचे सामाजिक स्थान सूचित होते. जातीने आखलेली मर्यादा तो नाचापुरती विसरतो. पुढील शोकांतिकेमुळे हा उन्माद अर्थपूर्ण ठरतो. उदयपूरच्या पार्श्वभूमीवरील हिंदी गीतात ठेका टिकतो, परंतु बोलीबरोबर हा सामाजिक संदर्भही पुसट होतो. मराठी व हिंदी दोन्ही कानांवर पडणाऱ्या कन्हान परिसरातील श्रोत्यास ही उणीव विशेष जाणवावी.